सापाची तहान आणि सापाचे स्नान

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर हा विषय आमच्या नावापुढे छापलेला पाहून दोन-चार परिचितांनी आम्हांला वाटेत गाठून विचारले, ही मुद्रणदोषाची तर चूक नव्हे ना? त्यांचा संशय रास्त होता. गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करीत आहोत. सबब आमच्याकडून किमान वेतन, बोनस, कंत्राटी पद्धत असलेच काही ऐकण्याची पैठणकर श्रोत्यांना सवय आहे. शाळा आम्ही सातवीत सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारांत. प्राणिशास्त्राचा अधिकार आम्हांला नाही. तरी या विषयाकडे आम्ही कसे वळलो हे सांगितले म्हणजे तो अधिकार नसतानाही बोलण्याचे कारण ध्यानात येईल.

भविष्यनिर्वाह निधीचे, राज्य विमा रुग्णालयाचे, जातीच्या दाखल्याचे अर्ज भरून देणे हे संघटनेच्या कार्यालयातले रोजचे काम. २०२४ च्या उन्हाळ्यात औद्योगिक वसाहतीतील एक तरुण फिटर असाच एक अर्ज घेऊन आला. आम्ही चष्मा लावून वाचू लागलो, तो जातीच्या रकान्यात 'पायथन' असा शब्द दिसला. अर्ज त्याचा नव्हता, त्याच्या सापाचा होता.

"काका, हे केंद्र सरकारच्या परिवेश नावाच्या संकेतस्थळावर भरायचं असतं म्हणे. नाही भरलं तर गुन्हा होतो का?"

त्याच्याजवळ आफ्रिकेतला एक लहान अजगर होता. इंग्रजीत त्याला बॉल पायथन म्हणतात, कारण भ्याला की तो डोके मध्ये घालून चेंडूसारखे वेटोळे करतो. युरोपात त्यालाच रॉयल पायथन, म्हणजे राजअजगर, असेही नाव आहे. शहरातल्या एका ओळखीच्याकडून त्याने तो काही वर्षांपूर्वी घेतलेला. आई आणि बहीण यांची भीती मोडायला त्याला सहा महिने लागले होते. अर्ज भरून झाल्यावर जाता जाता त्याने विचारले, "काका, सुट्टीच्या दिवशी याला गोदावरीवर पोहायला नेलं तर चालेल ना?"

'चालेल' असे आम्ही तोंडातून काढणारच होतो. साप आणि पाणी यांची जोडी पैठणच्या माणसाच्या मनात अशी पक्की बसलेली आहे की, त्यात विचारण्यासारखे काही असेल असे वाटतच नाही. आपल्या नदीच्या घाटाचे नावच नागघाट. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले ते याच घाटावर, अशी आपली श्रद्धा. जुन्या जैन प्रबंधांत तर शालिवाहनाच्या जन्माची कथाच अशी आहे की, गोदावरीच्या नागह्रदात शेष राहत असे आणि पाणी भरावयास आलेल्या एका विधवेपुढे तो डोहातून वर आला. ज्या गावच्या राजाचा बापच नदीच्या डोहातला नाग, त्या गावात सापाला पोहायला न्यावे की नाही हा प्रश्न पडावा तरी कशाला?

परंतु उत्तर देण्यापूर्वी कागद पाहावा, ही संघटनेत लागलेली सवय. आम्ही त्याला आठ दिवसांनी ये म्हणून सांगितले आणि वाचावयास बसलो. हाफकिन संस्थेतील डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतातील सापांवरील पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढले होते, त्याची एक जुनी प्रत मिळाली. बाकीचे नवे साहित्य चिरंजीवांनी फोनवर काढून दिले. आठ दिवसांनी आमचे उत्तर तयार होते, आणि ते पहिल्या उत्तराच्या अगदी उलटे होते.

आधी कायद्याचे सांगून टाकतो. आपल्याकडचा अजगर, जो सह्याद्रीत आणि सातपुड्यात आढळतो, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. त्याला घरी ठेवणे हा सरळ गुन्हा. नाग, धामण, दिवड यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. त्यांतला कोणीही पाळता येत नाही. परदेशी सापांविषयी मात्र बराच काळ कायदा मुग्ध होता. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात आलेल्या प्राण्यांची एक नवी चौथी अनुसूची तीत घातली गेली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याजवळ असे प्राणी आधीपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. पुढे घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदवावयाचे. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिले झाली, तो मेला, तरी ते कळवावे लागते. यामागे कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. बाजारात साप विकणाऱ्याने 'कागदांची काही गरज नाही' असे म्हटले तर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा, हे कामगाराला सांगावे लागू नये. नेमणूकपत्र मागितले की मुकादमही हेच म्हणतो.

आता प्राण्याविषयी. साप तेवढे सारे पाण्याचे, ही आपली समजूत आपल्या डोळ्यांपुढच्या सापांवरून झालेली आहे. नाथसागराच्या काठावर किंवा कालव्याच्या चारीत जो सळसळताना दिसतो तो दिवड. कोणी त्याला पाणदिवड म्हणतात, कोणी विरोळा. मासे आणि बेडूक हे त्याचे अन्न. विष नाही, पण धरला तर कडकडून चावतो. तो जन्माचा पाण्यातला. आपला अजगरही पाण्याचा शौकी; तो उत्तम पोहतो, काही मिनिटे बुडून राहू शकतो, आणि पाणवठ्यापासून फार दूर तो सहसा राहत नाही. बॉल पायथन यांच्या नात्यातला असला तरी त्याचा संसार निराळा आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील माळरानांत, घाना, टोगो, बेनिन या देशांत, तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाही तर वाळवीच्या वारुळात पडून राहतो आणि रात्री बाहेर निघतो. पूर्ण वाढला तरी तीन ते पाच फूट. त्याची हवी ती जागा म्हणजे काळोखी, उबदार, अंग दोन्ही बाजूंनी घासेल इतकी अरुंद, आणि किंचित ओलसर. वारुळात तळे नसते. पाणी त्याला लागते, पण लागते ते वारुळाच्या ओलाव्याइतके आणि घोटभर पिण्यापुरते.

त्याला पोहता येते का? येते. बहुतेक सगळे साप पोहू शकतात. फुप्फुसात हवा भरलेली असते, अंग तरंगते, आणि जमिनीवर ज्या नागमोडीने तो पुढे सरकतो तीच नागमोड पाण्यात चालते. पण येणे वेगळे आणि हवेसे वाटणे वेगळे. आमच्यापैकी पुष्कळांना सलग सोळा तास उभे राहून यंत्र चालवता येते. म्हणून ते आम्हांला आवडते असा निष्कर्ष एका व्यवस्थापकाने आमच्यासमक्ष काढला होता. सापाला तर ओरडताही येत नाही. तक्रार ऐकू आली नाही म्हणजे तक्रार नाही, हे मालकवर्गाचे जुने शास्त्र आहे. जनावर पाळणारा माणूस त्या शास्त्राचा नकळत अनुयायी होतो.

तेव्हा स्नानाच्या आधी तहानेचा विचार करू. आपल्याकडे नागपंचमीला दूध देण्याची चाल होती. साप दूध पचवू शकत नाही. गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवी, म्हणून समोर येईल ते तो पीत असे. म्हणजे ज्याला आपण नैवेद्य समजत होतो ती खरे तर एका तहानलेल्या प्राण्याची अगतिकता होती. साप पाणी पितो ते जिभेने नव्हे. जीभ वास टिपण्याकरिता. तो तोंडाची कड पाण्याला लावतो आणि जबड्याच्या हालचालीने पाणी आत ओढतो. नीट पाहिले तर गळ्याजवळ हलकी लाट दिसते. कातडीतून मात्र तो पाणी पीत नाही. त्याला भिजत ठेवले की आपोआप पाणी अंगात मुरते ही समजूत चुकीची आहे. टबात ठेवलेला साप टवटवीत दिसला तर बहुधा तो तेथे तोंडाने प्यायलेला असतो.

एकनाथांनी काशीची कावड रामेश्वरी नेताना वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट पैठणच्या मुलाला पाळण्यातच कळते. तिच्यात आम्हांला एक बारकावा नेहमी आवडत आला. नाथांनी ते पाणी गाढवाच्या अंगावर शिंपडले नाही, त्याच्या तोंडात घातले.

येथे आम्हांला आमचा स्वतःचा विषय उपयोगी पडला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे अठरावे कलम पिण्याच्या पाण्याचे होते. पाणी पुरेसे हवे, स्वच्छ हवे, सोयीच्या जागी हवे. आणि त्यात एक फार शहाणपणाचे वाक्य होते की, धुण्याची जागा, मुतारी वा संडास यांपासून सहा मीटरच्या आत पिण्याचे पाणी ठेवू नये. अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात ते गार करून द्यावे, असेही त्यात होते. या कलमाकरिता आम्ही एका कारखान्यात पावणेदोन वर्षे भांडलो. पाणी तेथे होते. पण हात धुण्याच्या नळालाच 'पिण्याचे पाणी' अशी पाटी लावलेली होती.

पाळलेल्या सापाच्या पेटीत नेमके तेच घडते. पिण्याचे भांडे आणि न्हाण्याचे भांडे एकच. सापाला पाण्यात विष्ठा टाकण्याची खोड असते. कोमट पाण्यात शिरला की पुष्कळदा तो तेच करतो. मग तेच पाणी दिवसभर त्याच्यापुढे. म्हणून पेटीत जड, न कलंडणारे मातीचे वा चिनी मातीचे पसरट भांडे असावे, त्यातले पाणी रोज बदलावे, घाण झाली तर तत्क्षणी बदलावे, आणि आठवड्यातून एकदा भांडे घासून उकळत्या पाण्याने धुवावे. भांडे सापाला वेटोळे करून बसता येईल इतके मोठे ठेवले तर उत्तम. तो बसला तर बसला, नाही तर नाही. ती त्याची मर्जी. मुद्दाम भिजवायचे झाल्यास वेगळे घमेले घ्यावे. घरातल्या कपबशा, तान्ह्या मुलाची आंघोळीची बादली, स्वयंपाकघरातले बेसिन यांचा उपयोग मुळीच करू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे रोगजंतू माणसाला बाधतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना अधिक. सापाला हात लावला की साबणाने हात धुवावेत.

साप आपण होऊन भांड्यात जाऊन तासन्‌तास बसू लागला, तर मात्र कौतुक करू नये, चौकशी करावी. त्याची कारणे बहुधा चार. पेटी फार तापली असेल. हवा फार कोरडी असेल. कात टाकायची वेळ जवळ आली असेल. किंवा अंगावर बारीक काळे किडे झाले असतील. ते खवल्यांच्या फटीत आणि डोळ्यांच्या कडेला बसून रक्त पितात, आणि त्यांना बुडवून मारण्यासाठी साप पाण्यात बसतो. भांड्याच्या तळाशी मिऱ्याच्या भुकटीसारखे ठिपके दिसले तर समजावे. कामगार वारंवार मोरीवर जाऊन बसू लागला तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी खात्याची उष्णता मोजावी, तशातलाच हा प्रकार.

ही उष्णता मोजण्याचे काम हाताने होत नाही. या सापाला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश अशी ऊब लागते, म्हणजे तो आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नाही. बाहेरची घेऊनच त्याचे पचन चालते, रोगाशी झुंजही तीवरच. पैठणच्या मे महिन्यात पेटी थंड कशी ठेवावी हा प्रश्न, आणि पौषात ऊबदार कशी ठेवावी हा.

पौषातलीच गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये त्या फिटरच्या सापाची कात अर्धवट निघाली. कोरडी हवा असली की असे होते. कात सलग न उतरता तुकड्या-तुकड्यांनी चिकटून राहते. त्याने आमचे जुने बोलणे आठवून बादलीत कोमट पाणी घेतले, साप आत सोडला, वर भोकाभोकांचे झाकण ठेवून त्यावर वीट ठेवली. अर्ध्या तासाने काढायचा म्हणून पहाटे साडेपाचला हे केले. साडेपाचचे पावणेसहा झाले. बस गेली तर हजेरी जाते, म्हणून तो धावत गेला. आई काढील असे त्याने धरले, आणि आईने धरले की तो काढून गेला. दुपारी तीनला सुटायचे, तर पुढच्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून त्याला थांबवून घेतले. फोन फाटकावर जमा. रात्री अकराला तो घरी आला तेव्हा बादलीतले पाणी बर्फासारखे झाले होते. साप साडेसतरा तास त्यात होता. बादलीचे उभे गुळगुळीत तोंड, वर झाकण. टेकायला काही नाही, चढायला काही नाही. तो जिवंत होता, पण हातात घेतला तेव्हा दोरीसारखा लोंबला.

तिसऱ्या दिवसापासून तो तोंड उघडे ठेवून, मान वर करून बसू लागला. नाकपुड्यांशी बुडबुडे येऊ लागले. ही फुप्फुसाच्या विकाराची लक्षणे. संभाजीनगर येथे एका पशुवैद्यांकडे तो रजा टाकून दोनदा घेऊन गेला, इंजेक्शने झाली. अकराव्या दिवशी साप मेला. त्याची मृत्यूची नोंदही आमच्याच टेबलावर भरली गेली. 'कारण' लिहिताना तो म्हणाला, "काका, काय लिहू? पाणी लिहू की ओव्हरटाइम लिहू?" आम्ही 'श्वसनविकार' असे लिहावयास सांगितले.

त्या दिवशी आमच्याही मनाला एक गोष्ट लागली. आम्ही त्याला आदल्या उन्हाळ्यात नदीला नको म्हणून सांगितले होते, कोमट पाण्याचे सांगितले होते. पण बसून राहावे लागते हे सांगावयाचे विसरलो होतो. आम्हांला ते सांगण्यासारखे वाटलेच नव्हते. म्हणून आता सगळे सांगतो.

पहिली गोष्ट, कात अडकू नये म्हणून स्नानापेक्षा ओलावा बरा. साप कात टाकण्याच्या आधी रंगाने मळकट होतो आणि डोळ्यांवर निळसर साय येते. त्याला पापण्या नसतात, डोळ्यावरचा पारदर्शक खवलाही कातेबरोबरच निघतो. हे दिसू लागताच झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला साप जाईल एवढे भोक पाडून, आत रोपवाटिकेत मिळतो तो नारळाच्या काथ्याचा भुसा ओला करून घट्ट पिळून घालावा आणि डबा पेटीच्या ऊबदार बाजूला ठेवावा. वारुळाची नक्कल. साप आपण होऊन आत जातो आणि बहुतेक वेळा कात मोजासारखी सलग उतरते. भुसा ओलसर हवा, चिंब नको. सतत ओल्यावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाच्या खवल्यांवर फोड येतात आणि ते सडतात.

एवढे करूनही कात अडकली तरच घमेले. घमेल्याच्या कडा उतरत्या असतात म्हणून ते बादलीपेक्षा शंभर पटींनी चांगले. तळाशी जुना टॉवेल अंथरावा, म्हणजे अंगाला घासायला आणि पोटाला धरायला काही मिळते. पाणी किती? सापाच्या अंगाच्या जाडीच्या निम्मे. त्याने डोके जमिनीला टेकवले तरी नाक पाण्याच्या वर राहिले पाहिजे. ऊब २८ ते ३० अंश, आणि ती थर्मामीटरने पाहावी. माणसाच्या हाताला 'कोमट' वाटते ते पुष्कळदा ३७-३८ अंश असते. सापाला ते जास्त होते. आणि एप्रिलनंतर गच्चीवरच्या काळ्या टाकीचे दुपारचे पाणी परस्पर घमेल्यात कधीही सोडू नये. सापाचा भाजण्याचा धोका माणसाहून मोठा आहे. अंग भाजते आहे हे कळून तो वेळीच बाजूला होईलच असा भरवसा नसतो.

वेळ पंधरा मिनिटे, फार तर अर्धा तास. तेवढा वेळ माणूस घमेल्याशेजारी बसलेला हवा. पाण्याची उष्णता ओढून घेण्याची शक्ती हवेच्या सुमारे पंचवीस पट आहे. थंड झालेले पाणी सापाच्या अंगातली ऊब हवेपेक्षा किती लवकर काढून घेते ते यावरून समजावे. बाहेर काढल्यावर कोरड्या पंच्यातून त्याला सरकू द्यावे, अडकलेली कात त्या घासण्याने सुटते. बोटांनी ओरबाडू नये, आणि डोळ्यावरचा खवला राहिला असेल तर त्याला हातच लावू नये. ते वैद्याचे काम. मग अंग पुसून ऊबदार पेटीत. पाण्यात साबण, डेटॉल, हळद, कडुनिंब काही घालू नये. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा उग्र वास येत असेल तर रात्रभर उघडे ठेवावे. साप नुकताच जेवला असेल तर दोन दिवस हात लावू नये, मग पाणी कुठले. गिळलेला उंदीर तो उलटून टाकतो आणि त्याने फार खंगतो.

आता पोहण्याचे. एवढे ऐकूनही हौस उरली असेल तर ती मोठ्या टबात पुरवावी, नदीत नाही आणि पोहण्याच्या तलावातही नाही. तलावातले क्लोरिन त्याच्या डोळ्यांना व श्वासाला सोसत नाही. टबाचे पाणी वर सांगितल्याइतकेच ऊबदार. मध्ये एक खडबडीत दगड किंवा पालथी कुंडी अशी ठेवावी की साप केव्हाही पाण्याबाहेर येऊन टेकेल. मोरीचे तोंड बंद करावे. साप त्यातून जातो आणि मग प्लंबर बोलावण्याची पाळी येते. पिले, आजारी साप, अंडी असलेली मादी यांना पोहण्यास सोडू नये. आणि त्याच्याकडे पाहावे. हळू, लांब नागमोडी, जीभ आतबाहेर, मध्येच थांबणे, हे ठीक चालले आहे. कडेकडेने भराभरा फेऱ्या, नाक कडेला घासणे, मान उंच, अंग फुगवलेले, हे पोहणे नव्हे, ही सुटकेची धडपड. फोनवर टिपलेल्या चित्रांत दोन्ही सारखीच सुंदर दिसतात. दुसरे दिसताच काढावा. आमचे प्रामाणिक मत विचाराल तर, बॉल पायथनला मुद्दाम पोहायला लावण्याने त्याचे काही भले होते असे आम्हांला कोठे आढळले नाही. त्याला स्वच्छ भांडे आणि ओला डबा द्यावा, म्हणजे पाण्याच्या बाबतीत त्याचे देणे फिटले.

नदीविषयी वेगळे सांगावे लागते, कारण पोहायला नेलेला साप हातून निसटतो, आणि हौस फिटलेला माणूस तो मुद्दाम सोडतो. हा साप बंदिस्तीत वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या अशा एका मादीने २०२० साली सात अंडी घातली, आणि तोवर पंधराहून अधिक वर्षे तिने नर पाहिलेला नव्हता. एवढे लांबचे आयुष्य पाहता नोकरी बदलली, लग्न ठरले, घर बदलले की साप जड होतो. मग कोणीतरी म्हणते, नाथसागर एवढा मोठा आहे, सोडून द्या. जायकवाडीचे हे पाणी १९७६ पासून आहे आणि १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. तेथे पाहुणा प्राणी सोडणे म्हणजे एक तर त्याला थंडीत मारणे, नाही तर त्याच्या अंगावरचे किडे आणि रोग आपल्या दिवडांना देणे, आणि तिसरे म्हणजे तो रुजला तर काय होते ते अमेरिकेतील फ्लोरिडाने पाहिले आहे. तेथील एव्हरग्लेड्स दलदलीत पाळून सुटलेले ब्रह्मी अजगर इतके वाढले की, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॅकून नावाच्या प्राण्याचे दर्शन ९९ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. बॉल पायथन त्या मानाने लहान आहे, हे खरे. पण प्रयोग करून पाहण्याकरिता नाथसागर कोणी आपल्याला आंदण दिलेला नाही. साप नको झाला तर वन विभागाला कळवावे.

पुष्कळ श्रोते म्हणतील, आम्ही कशाला साप पाळतो आहोत? न पाळो. परंतु ज्याच्या शेतात विहीर आहे, घराच्या मागे सिमेंटचा हौद आहे, त्याच्याकडे साप पाण्याला येतोच. उन्हाळ्यात तहानेने धामण वाकून पिते आणि आत पडते. हौदाची भिंत उभी आणि गुळगुळीत. ती पोहत राहते, कडेकडेने फिरत राहते, आणि दमली की बुडते. सकाळी लोक म्हणतात पाण्यात साप मेला, आता हौद उपसा. त्या फिटरची बादली आणि हा हौद यांत मापाचा तेवढा फरक आहे.

संघटनेच्या कार्यालयामागच्या हौदात त्यानेच एक खडबडीत फळी तिरपी सोडून दिली, एक टोक पाण्यात, एक काठावर. पहिल्यांदा ती पाणी वाढल्यावर तरंगून बाजूला गेली. मग त्याने वरच्या टोकाला भोक पाडले आणि तारेने खुंटीला बांधले. तार थोडी सैल ठेवली, म्हणजे पाणी चढले-उतरले तरी फळीचे खालचे टोक नेहमी पाण्यातच राहते.